पाच मिलिमीटर

मतलई अजून सुटलेली आहे.
दोरीवर सूट वाळतायत,
बारा माणसं, आत कुणी नसलेली,
पाय हलवत.

देवबागच्या या पडवीत मी माणसं नजरेनं मोजते.
छाती, कंबर, पोटरी. टेप लागत नाही.
जाड माणूस लाजत सांगतो, मला थंडी वाजत नाही.
त्याला तीनचा देते. खरंच वाजत नाही त्याला.
काटकुळ्या पोरीला पाचचा.
ती काठावर पाय बुडवून म्हणते, कोमट आहे की पाणी!
वरचं आहे, मी म्हणते.
वरचं पाणी पाहुण्यांसाठी असतं.
खाली एक फळी आहे गारव्याची,
माळ्यासारखी सपाट,
डोकं तिच्यातून खाली गेलं की
कवटीला कुणीतरी ओली टोपी घालतं.

सूट घट्ट हवा.
चढवताना ओठावर शिवी यावी इतका.
घोट्याला शॅम्पूचं पाणी, चेनला मेणबत्ती.
बगलेत चुणी राहिली
तर गार पाणी आत येऊन परत जातं,
पुन्हा येतं,
हक्काच्या नातेवाइकासारखं.
आणि जाड घेतला तर माणूस बुडतच नाही,
मग कमरेला शिसं.
ऊब फुकट मिळत नाही, वजन मोजून भरावी लागते.
तरी खोल गेलं की दाबानं
रबरच पातळ होतं,
नेमकं जिथं जाड हवं तिथं.
हे मी पाहुण्यांना सांगत नाही.

लवूमामा एकाहत्तरचा.
अंगाला खोबरेल चोपडून त्यानं जन्मभर बुड्या मारल्या,
कुणाचा अडकलेला नांगर, कुणाचं जाळं,
सात वावांपर्यंत, लंगोटीवर.
वर आला की चहा मागायचा
आणि कप धरता यायचा नाही.
मामी धरायची.

परवा आला आणि म्हणाला,
माका एकदा खालती ने.
मी पाचचा काढला. तो हसला.
"ह्यां रबर? मी काय टायराची ट्यूब?"
मग माझ्याकडे न बघता,
"थंडी पयली मानेत शिरता, मगे हातांत.
मगे तुझां डोक्यां म्हणता, थोडो वेळ अजून."
मी टोपीही काढली.

त्याला सूट घालायला अर्धा तास लागला.
पाठीची चेन ओढताना कळलं,
खांदे मापापेक्षा लहान झालेत,
मी डोळ्यांनी जुनाच मामा मोजला होता.
चारचा दिला, आतून एक बंडी.

त्याला वाटत होतं सूट पाणी अडवतो.
अडवत नाही मामा.
थोडं आत घेतो, पसाभर,
ते तुझ्या अंगानं तापतं,
आणि मग बाहेरच्याला
आत यायला जागा उरत नाही.
तो म्हणाला, हां.
कळलं की नाही कोण जाणे.

खाली गोब्रा खडकाखाली तोंड उघडून बसलेला.
मामानं त्याच्याकडे पाहिलंच नाही.
वाळूत काहीतरी चाचपत राहिला.
फळीखाली गेलो तेव्हा मी त्याच्या हातांकडे बघत होते,
बोटं मिटतात का, थरथरतात का.
मी वर चला अशी खूण केली.
त्यानं एक बोट दाखवलं.
थोडो वेळ अजून.
मी मनगट धरून वर आणला.

होडीत बाही सोडवली
तर आतलं पाणी माझ्या पायावर सांडलं,
ऊन.
मी ते तसंच राहू दिलं फळकुटावर, वाळेपर्यंत.

चहा दिला.
कप त्यानं स्वतः धरला, एका हातानं,
जरासुद्धा न हलता.
बराच वेळ कपाकडे बघत बसला.
मग न पिताच खाली ठेवला.

उद्या साडेसातला इचलकरंजीची आठ माणसं.
दोन सूट बगलेत उसवलेत,
डिंक संपलाय.
मालवणला जाऊन आणायला हवा.